आक्काचा फिका चहा

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा समोर फराळाचं ताट असणार. असू द्या. चार शंकरपाळे खाऊन घ्या आणि मग वाचायला बसा. सणासुदीला कुणाचं तोंड कडू करायची मला हौस नाही. पण संपादकांनी सांगितलं, नोकरीतलं काहीतरी लिहा, आणि नोकरी म्हटलं की मला बाळंतपणं आठवत नाहीत, साहेबांच्या मीटिंगा तर नाहीतच नाहीत. आठवतो तो एका घरचा चहा. त्याला मी तरी काय करू?

मी नर्सबाई होते. मोठ्या दवाखान्यातली कडक इस्त्रीतली सिस्टर नव्हे, उपकेंद्रातली. शेवगाव तालुक्यात कॅनॉलच्या कडेला एक गाव, तिथं माझी नव्वदच्या दशकातली बरीच वर्षं गेली. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या. एका खोलीत मी राहायची, दुसरीत सरकार. गरोदर बायका तपासायच्या, अडलेली बाळंतीण जीपमध्ये घालून तालुक्याला न्यायची, पोरांना डोस पाजायचे, ताप आला की बोटाला टोचून काचेवर रक्त घ्यायचं, आणि मार्च जवळ आला की नसबंदीच्या केसेससाठी दारोदार फिरायचं. या सगळ्यात मधुमेह कुठंच नव्हता. तो शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा आजार, असं आमच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं. रानात राबणाऱ्या बाईला तो कशाला होतोय, असं मलाही वाटायचं.

पण ते गाव माझ्या डोळ्यांदेखत गोड होत गेलं. म्हातारी माणसं सांगायची, कॅनॉल यायच्या आधी सकाळी शिळी भाकरी, वर तेल-चटणी, नाहीतर ताकात कुस्करून. न्याहारी म्हणजे हीच. मग पाणी आलं, ऊस आला, कारखाना आला. सभासदाला कारखान्याकडून सवलतीची साखर मिळायची, दिवाळीला जास्तीची. घरात साखरेचं पोतं उभं राहिलं आणि सकाळची भाकरी गेली ती गेलीच. चहा-चपाती, चहा-बटर, चहा-खारी. दात न आलेल्या पोरालासुद्धा चहात बुडवलेलं बिस्कीट. मी आयांच्या अंगावर ओरडायची, तर त्या म्हणायच्या, "बाई, त्याबिगार त्ये उठतच न्हाई." शिळी भाकरी खातो हे सांगायची लाज वाटायला लागली होती. आणि चहात साखर कमी पडली तर पाहुणा वेशीपर्यंत पोचायच्या आत गावाला कळायचं, की अमक्याच्या घरी चहा पाण्यासारखा मिळाला.

चहाला कुणी खाणं समजतच नव्हतं, ही तर माझी कायमची डोकेदुखी. एका बाबांना रक्त तपासायला तालुक्याला पाठवलं. बजावून सांगितलं, उपाशीपोटी जा. आले परत. म्हटलं, "उपाशी गेला होतात ना?"

"निरंकार गेल्तो बाई. फकस्त दोन कप चहा."

"मग चहा काय पोटात जात नाही का हो?"

"चहा काय खानं हाय व्हय? चहा उपासाला बी चालतो!"

मी कपाळाला हात लावला. दुसरे एक मास्तर होते. त्यांना साखर निघाली तेव्हा त्यांनी शपथेवर साखर सोडली आणि गूळ धरला. गूळ औषधी असतो, असं ते मलाच समजावून सांगत. शिकलेल्या माणसाचं असं, तर बाकीच्यांना काय बोलायचं.

आता आक्काचं सांगते.

मी त्या गावात नवीन गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात लोकांनी माझं आडनाव विचारून घेतलं. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतलेली. गावात तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण चहा द्यायची वेळ आली की वळचणीला खोचून ठेवलेला, कान तुटलेला कप खाली यायचा. मी तो ओळखायची. "आत्ताच घेतला," म्हणायची आणि निघायची. माझ्या तोंडाला तेव्हा धार होती, पण पोटासाठी नोकरी करणारी बाई कुठंकुठं भांडणार?

आक्काच्या घरी गेले ती तिच्या सुनेला, मंगलला, तपासायला. मंगलला पहिल्यांदाच दिवस गेलेले. मोठं बागाईतदार घर, दारात ट्रॅक्टर, आक्काचे यजमान तात्या कारखान्याचे सभासद. मी मनाशी म्हटलं, इथं तर कप तुटका पण चांगल्यातला असेल. आक्का चहा घेऊन आली. घरातल्याच कपबशीत. मी बघतच राहिले. चहा कढत होता, मला तो धरवेना. तर ही बया माझ्यासमोर फतकल मारून बसली, माझ्याच कपातला चहा बशीत ओतला, फुंकून निम्मा स्वतः प्याली आणि उरलेली बशी माझ्यापुढं धरली.

"घे. निवला आता."

दारात तिची थोरली जाऊ उभी होती. तिचं तोंड असं झालं की काय सांगू. आक्कानं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मी ती बशी तोंडाला लावली. इतका गोड चहा मी जन्मात प्याले नव्हते, ओठ एकमेकांना चिकटत होते. आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आक्का म्हणाली, "भाजलं का गं?" मी म्हटलं, "हो, भाजलं."

तेव्हापासून ती मला शालन म्हणायला लागली आणि मी तिला आक्का. फेरीवर निघताना तिच्या ओट्यावर टेकल्याशिवाय मला पुढं जाऊच द्यायची नाही. त्या घराचा चहा कधी चुलीवरून उतरायचाच नाही. गडी आला, चहा. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर आला, चहा. पोस्टमन, वायरमन, बी विकणारा, सगळ्यांना चहा. आणि पाहुण्याला एकट्याला प्यायला लावायचं नाही हा तिचा नेम, म्हणून प्रत्येकाबरोबर घोटभर तिचाही. सकाळी उठल्यावर चहात चपाती बुडवून खायची, की मग जेवण सूर्य डोक्यावर आल्यावर. मधलं सगळं चहावर.

मंगलला मुलगा झाला, तो माझ्याच हातावर. त्यानंतर केव्हातरी आक्का म्हणाली, "शालन, लई तहान लागती गं. रातचं चारदा उठावं लागतंय." दुसऱ्या एका दिवशी मंगल मला बाजूला घेऊन कुजबुजली, "आत्याबाई मोरीत जाऊन आल्या की मुंग्यांची रांग लागती." हे ऐकल्यावर नर्सला दुसरं काही सांगावं लागत नाही.

तपासायचं साधन आमच्याकडं एकच होतं, तेही गरोदर बायकांसाठी. काचेची नळी, एक निळं औषध आणि स्पिरिटचा दिवा. निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकायचे आणि नळी तापवायची. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त आणि विटकरी झालं तर देवाचं नाव घ्यायचं. आक्काची नळी तापवली. हिरवा रंग कधी आला आणि कधी गेला ते कळलंसुद्धा नाही. भाजलेल्या विटेसारखा लाल गाळ खाली बसला. आक्का माझ्या शेजारी उभी राहून कौतुकानं बघत होती.

"काय रंग हाय गं! कुंकवावानी."

मी तिला तालुक्याला नेलं, रक्त तपासलं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, साखर बंद सांगितली. घरी आल्यावर मी म्हटलं, "आक्का, गोळ्या घेशीलच. पण उद्यापासून फिका चहा. आणि सकाळी चहा-चपाती नाही, भाकरी खायची."

भाकरीला तिनं काही म्हटलं नाही. पण फिका चहा म्हटल्यावर तिचा चेहराच बदलला.

"तसलं बोलू नगं."

"अगं, तसलं काय त्यात?"

"आमच्या घरात फिका चहा कवा पित्यात म्हाईत हाय का तुला? सुतकात. मानूस गेलं की साखरंला हात लावत न्हाईत. तेराव्याला गोड हुतं तवर फिका. माजा धनी जित्ता हाय, अन् मी फिका पिऊ? कुंकू पुसून बसू व्हय?"

मी रागावले, समजावलं, पायाला जखम होऊन पाय गेलेल्या माणसांच्या गोष्टी सांगितल्या. पालथ्या घड्यावर पाणी. ती नुसती मान हलवायची. बरं, हट्टी म्हणावं तर तसंही नाही. गोळ्या घ्यायची, मी सांगितलं म्हणून लाडू नाकारायची, आंबा नातवाला द्यायची. फक्त चहा गोड हवा. आणि दिवसभराचा तो चहा सगळ्या गोळ्यांवर पाणी फिरवायचा. दर खेपेला नळी विटकरीच.

शेवटी मी एक युक्ती केली. सकाळी तिच्या ओट्यावर जाऊन बसले आणि म्हटलं, "मंगल, दोन कप ठेव. दोन्ही फिके. एक मला." आक्का ओरडली, "अगं शालन, तुजा बी धनी जित्ता हाय की!" मी म्हटलं, "हाय ना, चांगला नगरला बसलाय, शनिवारी येणार आहे. आमच्यात असलं काही मानत नाहीत. मी रोज पिते. त्याला काही झालं तर मग बोल."

ती माझ्याकडं बघत बसली. मी कप उचलला, बशीत ओतला, निम्मा प्याले आणि उरलेली बशी तिच्यापुढं धरली. तिनं मला जे दिलं होतं तेच मी तिला देत होते, फक्त साखर काढून. तिला ते कळलं. तिनं बशी घेतली. एक घोट घेतला आणि असं तोंड केलं, की मंगल आणि मी पोट धरून हसलो.

"काय इख हाय गं ह्ये!"

पण प्याली. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्याली. रोज सकाळी दोघींची न्याहारी त्या ओट्यावर व्हायला लागली. बाजरीची शिळी भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि बशीतला फिका चहा, निम्मा तिचा, निम्मा माझा. आल्या-गेल्याबरोबर प्यायचा असला तरी फिकाच प्यायची. तात्या जाता-येता हसायचे. "नर्सबाई, आमच्या घरात येवडी साखर, अन् तुमी मालकिनीलाच उपाशी ठिवलीय." त्यांच्या स्वतःच्या चहात आक्का कधी चमचा कमी पडू देत नव्हती. त्यांना तपासायचं माझ्या डोक्यात येऊन जायचं, पण बाप्या माणसाला नळीत लघवी आणा म्हणून सांगायला तेव्हा जीभ रेटत नव्हती.

थोरली जाऊ मात्र येता-जाता बोलायचीच. "सवाशीन असून फिका चहा. काय दिस आलं बाई." आक्का ऐकून घ्यायची. एकदा तर उलट म्हणाली, "शालन पिती की. तिचं काय वाईट झालं?" मला तेव्हा केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

पुढं एका सकाळी नळी तापवली, तर रंग हिरव्यावर थांबला. मी पुन्हा तापवली. हिरवाच. मी धावत तिच्या घरी गेले आणि नळी तिच्या नाकासमोर धरली. तिनं हातातलं पीठ झटकलं आणि माझ्या गालावरून हात ओवाळून बोटं मोडली.

"तुज्या तोंडात साखर पडो शालन!"

मग आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं, आणि आम्ही दोघी ओट्यावर बसून हसत सुटलो. माझ्या अख्ख्या नोकरीत मला कुणी बक्षीस दिलं नाही. पण तेवढं एक मिळालं, असं मी समजते.

त्याच हंगामात तात्या गेले.

ऊस घेऊन कारखान्यावर गेले होते. वजनकाट्याच्या रांगेत ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत खेळ संपला. मी बातमी ऐकून पोचले तेव्हा अंगणात माणूस मावत नव्हतं. आक्का भिंतीला टेकून बसली होती, रडतसुद्धा नव्हती. मी तिच्याजवळ जायला निघाले आणि बायकांमधून थोरल्या जावेचा आवाज आला.

"रोज सकाळी उठून सुतकाचा चहा पिली. मग सुतक येनार न्हाई तर काय!"

मला वाटलं, आक्का काहीतरी बोलेल. पण तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर मी सोसला असता. राग नव्हता, नुसती भीती होती.

आजही मी म्हणेन, माझं चुकलं नव्हतं. चहात साखर नाही म्हणून कुणाचा नवरा मरत नाही. उलट, तात्यांनी आयुष्यभर गोड पाक प्यायला त्याचा हिशेब कुणी का मांडला नाही? हे मी त्या अंगणात ओरडून सांगायला हवं होतं, असं आता वाटतं. पण मयताच्या दारात कुणी कुणाचं ऐकत नसतं.

ते सगळे दिवस घर फिका चहा प्यालं. तेराव्याला गोडाचं जेवण झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. मनात वेडी आशा होती, की आता तरी तिला अडवणारं काही राहिलं नाही. ज्याच्यासाठी भीत होती तो माणूस गेला. आता बिचारी निर्धास्त फिका पिईल. माणसाचं मन किती निर्दयी हिशेब करतं बघा.

आक्कानं स्वतः चहा ठेवला. दोन कप आणले. मी घोट घेतला, आणि ओठ चिकटले.

"आक्का!"

"शालन, आता मला बोलू नगं." ती अगदी शांतपणे म्हणाली. "धनी गेला. आता अशोक हाय. नातू हाय. मी पुन्यांदा फिका पिनार न्हाई."

"अगं, पण तुझा पाय, तुझे डोळे..."

"माजं काय, पिकलं पान. अन् ऐक, तू बी पिऊ नगंस. तुजा धनी जित्ता हाय. तुला गोडच देनार मी ह्या घरात."

एवढं बोलून तिनं माझ्या कपात वरून आणखी एक चमचा साखर टाकली. मी काय करणार होते? मी तिच्या लेकाला, अशोकला, गाठलं. तो बारावी शिकलेला, शहाणा मुलगा. म्हणाला, "बाई, मला कळतंय वो सगळं. पर ती माझ्यासाठीच पिती म्हनल्यावर मी तिला काय सांगू?" डॉक्टरांकडून सांगून पाहिलं. मंगलनं गुपचूप साखर कमी टाकून पाहिली, तर आक्का चाखून कप खाली ठेवायची आणि उठून डबा घेऊन यायची. न्याहारीची भाकरीही गेली. पुन्हा चहात चपाती. पुन्हा नळी विटकरी. मग तिनं नळी आणून द्यायचंच बंद केलं.

एकदा मळ्यातून येताना मी तिच्या मागं चालत होते. तिच्या एका पायात चप्पल नव्हती. "आक्का, चप्पल कुठं गेली?" तिनं खाली पाहिलं. चप्पल लांब मागं रस्त्यात पडली होती, आणि ती पायातून निसटल्याचं तिला कळलंच नव्हतं. ती हसली. म्हणाली, "पाय बधिर झाल्यात गं, म्हातारपन." मला हसू आलं नाही.

पुढं उसाचं धसकट तळपायात घुसलं, तेही तिला कळलं नाही. मंगलला घरात रक्ताचे ठसे दिसले तेव्हा शोध लागला. मी रोज जाऊन ड्रेसिंग करायची. जखम भरायचं नाव घेईना. आधी अंगठा काळा पडला, मग पाऊल. नगरला नेलं, गुडघ्याखाली पाय काढला. मी भेटायला गेले तेव्हा तापानं फणफणलेली होती. मला ओळखून म्हणाली, "शालन, अशोक बरा हाय न्हवं?"

"ठणठणीत आहे, आक्का."

"मग झालं."

तिथून ती परत आली ती घरच्यांनी आणलेल्या गाडीत, आडवी, तोंडावर चादर ओढलेली.

आता मी निवृत्त होऊन केडगावला लेकाकडं राहते. सकाळी भाकरी खाते, फिका चहा पिते. माझे यजमान समोर बसून पेपर वाचत असतात, अजून आहेत, कटकट करतात. आक्काला हे दाखवायला हवं होतं.

आक्का गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी त्या घरी गेले होते. त्याच ओट्यावर बसले. घरात सगळे होते. अशोक, त्याचा लेक, पाहुणे, थोरली जाऊसुद्धा. मंगल चहा घेऊन आली. माझ्यापुढं कप ठेवताना म्हणाली, "बाई, फिका हाय. सुतक हाय ना."

मी वर पाहिलं. सगळं घर फिका चहा पीत होतं. ज्या एका गोष्टीसाठी मी तिच्या विनवण्या केल्या, हातापाया पडले, भांडले, ती गोष्ट ते सगळे मुकाट्यानं करत होते, तिच्यासाठी. थोरल्या जावेनंही एक शब्द न बोलता कप रिकामा केला.

मी माझा चहा बशीत ओतला आणि निम्मा प्याले. मग सवयीनं बशी शेजारी धरली. धरायला तिथं कुणी नव्हतं. मंगलच्या ते लक्षात आलं, आणि इतका वेळ आवरून धरलेलं तिचं रडू एकदम फुटलं.